थोरल्या जावयाचं चाक

“मागच्या चाकांना विटा लावल्या का, निवृत्तीराव?” माझ्या थोरल्या साडूंनी, श्रीपतरावांनी विचारलं, आणि चहाचा कप अजून हातात असतानाच माझं डोकं तापलं.

विटा मी लावल्या नव्हत्या. लावणार होतो. पण त्यांनी विचारल्यावर लावल्या असत्या, तर त्या त्यांच्या विटा झाल्या असत्या.

“अंगण सपाट आहे,” मी म्हणालो.

“आहे की,” श्रीपतराव म्हणाले, आणि वाकून त्यांनी स्वतःच्या बाजूला एक वीट सरकवली. मग गाडीला वळसा घालून माझ्याही बाजूला एक सरकवली. वर माझ्याकडे बघून हसले. हा माणूस टोमणा मारत नसे, हेच त्याचं वाईट होतं.

ओसरीवर आमच्या दोघांच्या बायका अनारसे निवडत बसल्या होत्या. माझी इंदू आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्कांना, म्हणाली, “दाजींचं बघ कसं असतं. प्रत्येक गोष्ट डोक्यात.”

हे वाक्य मी लग्नाच्या मांडवापासून ऐकत आलो होतो. दाजींनी घरावर पत्रा स्वतः चढवला. दाजींनी पाण्याची मोटर स्वतः बसवली. दाजींनी आक्कांच्या दातातली फट कशी बुजवली तेवढं सांगायचं राहिलं होतं. साखर कारखान्यात फोरमन होते ते. मी मिरजेत शिवणयंत्रं दुरुस्त करायचो, आणि लोकांना गोष्टी सांगायचो. गिऱ्हाईक यंत्र घेऊन यायचं आणि गोष्टीसाठी बसून राहायचं. एका बाईचं यंत्र मी असं तेल घालून दिलं होतं की ते तिच्या नकळत शेजारणीचंही पोलकं शिवून गेलं, ही माझीच गोष्ट. त्या गोष्टीला आमच्या सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या, आक्का हसायच्या, कधीकधी श्रीपतरावसुद्धा हसायचे. इंदू हसत नसे. तिला सगळ्या पाठ होत्या.

अधिक महिना होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेकी-जावयांना बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, दिव्यासकट अनारशांचं तबक हातात द्यायचं. जावई म्हणजे त्या महिन्यापुरता नारायण. म्हणून आम्ही दोन्ही नारायण पाटणला सासुरवाडीला जमलो होतो.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो आणि सासूबाईंना मामी. मामांकडे एक छोटी पांढरी मोटार होती. तिच्यावर त्यांचा एवढा जीव, की पावसाळ्यात ते तिच्या टपावर घोंगडं टाकायचे आणि स्वतः गोणपाट घेऊन फिरायचे. पण मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आदल्या संध्याकाळी पंगतीत त्यांनी ताटावरच जाहीर केलं.

“दिवाळीपासून मी काही ती चालवणार न्हाई. तुम्हा दोघांतल्या एकाला देऊन टाकतो.”

आमचे दोघांचेही घास हातातच राहिले.

“पण आधी तिचा ब्रेक बघाय लागंल,” मामा म्हणाले. “पाय ठेवला की किंचाळती. आणि मिस्त्री गेलाय त्याच्या सासुरवाडीला, धोंड्याला.”

“तुम्ही फोनवर म्हणाला होता, तेव्हाच मी कराडहून सामान घेतलं,” श्रीपतराव म्हणाले. “पॅड संपूर्ण झिजलेत. आता लोखंडावर लोखंड घासतंय. डिस्कवर चरे पडले असणार, तीही बदलू. दोन्ही पुढची चाकं. घरीच होईल, अंगणात.”

“दाजींचं बघा,” इंदू वाढता वाढता म्हणाली.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “एक चाक मी करतो.”

आक्का हसल्या. त्यांना वाटलं गोष्ट सुरू झाली.

“खरंच करतो. शिवणयंत्रात ह्याच्यापेक्षा नाजूक काम असतं. तिथं सुई थांबवायची असते. इथं नुसतं चाक.”

मामांनी ताकाचा घोट घेतला. त्यांना असल्या गोष्टींची मजा वाटायची. “झालं तर मग. उजवं चाक थोरल्यांचं, डावं धाकट्यांचं. ज्याचं चाक चांगलं बसंल, गाडी त्याची.”

गाडी मला नको होती असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री मी उशी उलटीपालटी करत होतो ती गाडीसाठी नाही. मला इंदूच्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं, चारचौघांत, “आमच्या ह्यांचं बघा.” बस. एवढ्यासाठी मी विमानाचं चाकही काढायला बसलो असतो.

तर विटा लागल्या. जॅकवर गाडी चढली. चाकं निघाली. श्रीपतरावांनी खाली वर्तमानपत्र पसरलं होतं आणि काढलेला प्रत्येक नट त्यावर असा मांडत होते, जणू पूजेची सुपारी. मी माझे नट धोतराच्या ओच्यात टाकले. उभा राहिलो तेव्हा एक नट घरंगळत त्यांच्या वर्तमानपत्रावर गेला. त्यांनी तो पुसून परत दिला.

चाकाच्या आत एक चकाकती तबकडी असते, ती डिस्क. तिला दोन्हीकडून चिमट्यासारखं धरणारं लोखंडी बोचकं असतं, तो कॅलिपर. त्याच्या पोटात पॅड असतात. ब्रेक दाबला की चिमटा आवळतो. इतकं मला समजलं होतं, म्हणजे श्रीपतराव आक्कांना समजावून सांगत होते ते मी ऐकलं होतं.

कॅलिपर सुटला की तो लोंबू द्यायचा नाही, त्याच्या रबरी नळीला ताण बसतो. श्रीपतरावांनी खिशातून तार काढली आणि तो वर बांधला. माझ्याकडे तार नव्हती. मी इंदूकडे बघितलं. ती आत गेली आणि परकराची एक नाडी घेऊन आली.

“हिनं बांधा.”

“तार चांगली असते,” मी पुटपुटलो.

“दाजींनी घरूनच आणली ना,” ती म्हणाली.

मी नाडीने बांधला. लाल नाडी होती. कॅलिपर दंडात गंडा बांधल्यासारखा दिसत होता.

जुनी डिस्क गंजून चिकटली होती. श्रीपतरावांनी लाकडी ठोकळा ठेवून दोन टोले मारले आणि त्यांची निघाली. मी एवढे टोले मारले की परसातल्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या. मामी म्हणायच्या की त्या त्यानंतर आठवडाभर दबकून चालत होत्या. अखेर माझीही निघाली. मी घाम पुसत होतो तेवढ्यात बाजूने एक हात आला. हातात लोखंडी शिकंजा होता.

“नवे जाड पॅड बसायला पिस्टन आत दाबायला लागेल,” श्रीपतराव म्हणाले. “माझं झालं. घ्या.”

मी मागितला नव्हता. मागणारही नव्हतो. मी तर चकलीच्या सोऱ्याने तो दाबायच्या विचारात होतो. पण ह्या माणसाने मागायच्या आधी दिला. रागवायलासुद्धा जागा ठेवत नसे तो.

मग नव्या डिस्क निघाल्या. आरशासारख्या. कारखान्यातून येताना त्यांना गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. श्रीपतरावांनी फडकं पेट्रोलमध्ये भिजवलं आणि आपली डिस्क पुसून पुसून कोरडी केली.

“एक थेंब राहता कामा नये,” ते आक्कांना सांगत होते, म्हणजे मला सांगत होते. “तेल असलं की ब्रेक घसरतो.”

मी पण पुसली. त्यांच्यापेक्षा दुप्पट पुसली. एवढी कोरडी केली की तिच्यावर माशी बसली ती पाय पोळल्यासारखी उडाली.

इतक्यात मामी ओसरीवरून खाली आल्या. नऊवारीचा काष्टा सारखा करत त्या श्रीपतरावांच्या डिस्कपाशी उभ्या राहिल्या.

“लख्ख हाय, बाई. नवीन वस्तू अशीच बसवायची? देवापुढं ठिवून आणते.”

“आणा की, मामी,” श्रीपतराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार? धोंड्याला आलेला जावई तो.

मामी ती डिस्क दोन्ही हातांत, ताट धरावं तशी, घेऊन आत गेल्या. इंदू त्यांच्या मागून गेली. मी माझी डिस्क उचलली आणि दारापर्यंत जाऊन उभा राहिलो. घंटा वाजली. जरा वेळाने मामी बाहेर आल्या. डिस्कच्या गुळगुळीत अंगावर चार बाजूंना चार स्वस्तिकं काढली होती, आणि मागच्या अंगाला हळदीची पाच बोटं.

“कोरडं कुंकू चाकावर राहायचं न्हाई,” मामी म्हणाल्या. “म्हणून तुपात कालवलं. घरचं तूप हाय.”

मी माझी डिस्क पुढे केली. खरं सांगतो, दोन्ही हातांनी, प्रसादाला हात पसरावेत तशी.

“मामी, माझी पण.”

“तुमची पुढच्या बारीला, जावईबापू. कुंकवाचा करंडा खरडून काढला. आणि मान थोरल्याचा असतोय.”

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मला भोवळ आली. लोखंडाच्या चकतीलासुद्धा थोरलं-धाकटं. माझी डिस्क मी परत घेऊन गेलो. बिचारी नुसतीच लोखंडाची.

श्रीपतराव गाडीपाशी ती डिस्क हातात घेऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. फडक्याकडे त्यांचा हात गेला. तेवढ्यात मामींनी ओसरीवरून मागे वळून पाहिलं. “चांगली काढलीत न्हाई?” त्यांनी विचारलं.

“फारच चांगली,” श्रीपतराव म्हणाले. फडकं त्यांनी खाली टाकलं. ती स्वस्तिकं तशीच ठेवून त्यांनी डिस्क बसवली, वर नवे पॅड, वर कॅलिपर. पुसली नाहीत. सासूने तुपात काढलेली कोण पुसणार? मला त्या वेळी एवढंच दिसलं, की थोरल्या जावयाच्या चाकाला देव बसला आणि माझ्याला नाही.

चाकं चढली. “निवृत्तीराव, गाडी हलवायच्या आधी ब्रेक दहावीस वेळा दाबून घ्यायचा, नाहीतर पहिल्याला पाय खालीच जातो,” श्रीपतराव म्हणाले. त्यांनी दाबून घेतला. मग चालवायला कोण बसणार यावर आम्ही दोघे दरवाजापाशी उभे राहिलो.

“गाडी अजून माझीच हाय,” मामा म्हणाले, आणि चष्मा पुसून आत बसले.

ते गल्लीच्या टोकापर्यंत हळूच गेले. वळवून परत आले. फाटकातून आत आले तेव्हा मामींनी, इंदूने, आक्कांनी ओसरीवरून पाहावं म्हणून असेल, त्यांनी जरा जोर केला होता. आणि अंगणाच्या मधोमध त्यांनी ब्रेक दाबला.

गाडी डावीकडे वळली. वळली म्हणजे कुणी कान धरून ओढावी तशी. डावीकडे तांब्याचा मोठा बंब होता, सकाळच्या अंघोळी होऊन गार पडलेला. गाडीने त्याला नाकाने ढोसलं. बंब आडवा झाला आणि अंगणभर गडगडत निघाला. मिरजेत मी सांगताना तो पाटणची बाजारपेठ ओलांडून कोयनेत पडायचा आणि तिथून सांगलीच्या घाटावर लोकांनी तो ओळखायचा. प्रत्यक्षात तो तुळशीवृंदावनाच्या पायरीशी थांबला.

मामा गाडीतून उतरले. मामींच्या हातातलं अनारशांचं सूप खाली गेलं होतं.

“डाव्या अंगाला गेली,” मामा म्हणाले. “डावं चाक कुणाचं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इंदूने पाहिलं नाही. ती खालचे अनारसे गोळा करत होती. तेच जास्त वाईट.

मी चाकापाशी बसलो. माझी डिस्क चटका बसावा इतकी गरम होती. मला काही सुचेना, म्हणून मी गाडीखालून पलीकडच्या चाकापाशी सरकलो. तिथे श्रीपतराव आधीच बसले होते. त्यांच्या डिस्कवर स्वस्तिकं राहिली नव्हती, तांबडा फराटा झाला होता, आणि तिथून खमंग वास येत होता. कढलेल्या तुपाचा.

हळूहळू माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांचं चाक तुपाने घसरलं. माझं एकट्याचं धरलं. जे चाक धरतं तिकडे गाडी ओढली जाते. म्हणजे अख्ख्या गाडीत ब्रेक लागला होता तो फक्त माझा.

मी जिंकलो होतो.

आयुष्यात इतकी चांगली गोष्ट माझ्या हाती आली नव्हती, आणि हिच्यात एक शब्दही वाढवायची गरज नव्हती. मी तोंड उघडलं.

“बोलू नका,” श्रीपतराव हळूच म्हणाले.

“का म्हणून?”

“मामींना काय वाटेल? देवाचं म्हणून केलं त्यांनी.”

ओसरीवर मामी हात जोडून उभ्या होत्या. म्हणत होत्या, “देवानंच वाचवलं बाई, चाकाला कुंकू लावलेलं म्हणून.”

“आणि माझं काय?” मी दबक्या आवाजात विचारलं. “माझं चाक चांगलं असून मी नालायक?”

“तुमचं चाक उत्तम आहे. माझ्यापेक्षा चांगलं बसलंय,” ते म्हणाले. “मी सांगतो उठून. चूक माझी झाली म्हणतो. मला पुसायला हवी होती. मी पुसली नाही. नट ढिला राहिला असं काहीतरी सांगतो.”

ते गुडघ्यावर हात ठेवून उठू लागले, आणि मला पुढचं सगळं दिसलं. श्रीपतराव उभे राहणार. सगळ्यांसमोर चूक कबूल करणार. मामांचे डोळे भरून येणार, मोतीबिंदूसकट. आक्का पदर डोळ्यांना लावणार. आणि इंदू म्हणणार, “दाजींचं बघा. किती मोठं मन.” चाक माझं चांगलं आणि मन त्यांचं मोठं. म्हणजे मी जिंकूनही हेच ऐकायचं.

मी त्यांच्या आधी उभा राहिलो.

“मामा, चूक माझी,” मी म्हणालो. “माझाच नट ढिला राहिला.”

श्रीपतराव अर्धे वाकलेलेच होते. “नाही मामा, माझा,” ते म्हणाले.

“त्यांचा कसला? ते फोरमन आहेत. नट ढिला राहायचा तर माझ्यासारख्याचाच राहणार.”

“निवृत्तीरावांचं काम मी बघितलं, पक्कं आहे. चूक उजव्या चाकाची आहे.”

“डाव्याची.”

“उजव्याची.”

मामा आळीपाळीने आमच्याकडे बघत होते. पंगतीत गाडीसाठी आमचे घास अडले होते, आणि आता बंब पाडल्याचा मान कुणाचा यावर आम्ही हटून बसलो होतो. दोघेही ग्रीसने काळे. मी तर श्रीपतरावांच्या सदऱ्याची बाही धरली होती.

“दोघांचीबी चूक असंल,” मामा शेवटी म्हणाले, “तर गाडी कुणालाच नको. माझ्यापाशीच राहू द्या. मिस्त्री आला की बघंल.” आणि ते गाडीच्या नाकावरचा बंबाचा पोचा आपल्या उपरण्याने पुसू लागले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद काही लपत नव्हता. मला अजून वाटतं, त्यांना ती द्यायचीच नव्हती.

मिस्त्री आला, पॅड बदलले, डिस्क धुतली. मामांनी मोतीबिंदू काढून घेतला आणि ती गाडी पुढे बरीच वर्षं चालवली. मामी शेवटपर्यंत सांगायच्या, की कुंकवामुळे त्या दिवशी नुसत्या बंबावर निभावलं. आता मामी नाहीत, मामा नाहीत, श्रीपतरावही गेल्या साली गेले. म्हणून हे सांगायला हरकत नाही.

त्या दिवशी जेवणं झाली, तबकं हातात आली, आणि दुपारच्या एसटीने आम्ही निघालो. इंदूच्या मांडीवर अनारशांचा डबा होता. मल्हारपेठ मागे पडेपर्यंत ती त्यातले मोडके अनारसे वेगळे काढत होती.

मग म्हणाली, “तुपाची वाटी मीच दिली होती आईला.”

मी तिच्याकडे वळलो.

“वास आला मला अंगणात,” ती म्हणाली. “तुम्हाला कळलं होतं. मग बोलला का नाही?”

“मामींना वाईट वाटलं असतं.”

“दाजी आधी चूक कबूल करणार होते म्हणून,” ती म्हणाली.

शिवणयंत्राचं झाकण काढून बघावं तसं ती मला बघत असे.

पलीकडच्या बाकावर एक बाई बसली होती. तिच्या पलीकडे खिडकीला डोकं टेकून तिचा नवरा डुलक्या घेत होता. त्या बाईने डब्याकडे पाहून विचारलं, “धोंड्याला आला होता व्हय? काय दिलं जावयाला?”

“मोटार देत होते,” इंदू म्हणाली.

“मोटार? मग घेतली न्हाई?”

इंदूने डब्यावरचा फडका नीट केला. आणि मग तिने सांगायला सुरुवात केली. मी कान टवकारले. तिच्या गोष्टीत गाडी अंगणात नव्हती. गाडी घाटात होती. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. आत तिची आई, वडील, बहीण, सगळे. मोठ्या जावयाने बसवलेलं चाक ऐन वळणावर सुटल्यासारखं झालं. गाडी दरीकडे निघाली. आणि आमच्या ह्यांनी बसवलेल्या एकट्या चाकाने ती धरली, डोंगराच्या अंगाला ओढली, आणि उभी केली. एवढं करून सासऱ्यांनी गाडी पुढे केली तर म्हणतात कसे, नको मामा, चूक माझीच असेल.

“आमच्या ह्यांचं बघा की,” ती म्हणाली. “हे असं आहे.”

मी एक शब्दही दुरुस्त केला नाही. दरीची खोली जरा कमी सांगितली होती तिने, तीसुद्धा नाही.

त्या बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिने आपल्या झोपलेल्या नवऱ्याकडे मान वळवली. “न्हाईतर आमचे हे,” ती म्हणाली. “सायकलची चेन पडली तर दुकानात नेत्यात.”

नवऱ्याने एक डोळा उघडला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला नवी नव्हती. तीच घेऊन मी सकाळपासून अंगणात वावरलो होतो.

मी इंदूच्या मांडीवरचा डबा उघडला, आणि त्याने मागायच्या आधीच त्याच्यापुढे अनारसा धरला.